ज्याचे देणे, त्याच्याच तोंडून



पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, हा प्रश्न एकदा घरातल्या मुलांना विचारून पाहावा. कोणी नमाज म्हणेल, कोणी रोजा, कोणी हज. वस्तुतः सूरह बकरहमधील २८२वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत असून ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. आकाश आणि पृथ्वीच्या निर्मात्याने आपल्या अंतिम ग्रंथात सर्वाधिक शब्द एकाच ठिकाणी खर्च केले, ते देण्याघेण्याचा कागद कसा करावा हे शिकविण्यासाठी. जे लोक धर्माला मशिदीच्या उंबरठ्याच्या आतच ठेवू पाहतात, त्यांनी या एका गोष्टीचा विचार केला तरी पुरे आहे.

या आयतीचा आशय असा आहे की, ठरावीक मुदतीसाठी उधारीचा व्यवहार झाला तर तो लिहून ठेवावा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहिण्यास नकार देऊ नये. दोन साक्षीदार घ्यावेत. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये. या सर्वांच्या मध्ये एक वाक्य असे आहे की ज्यावरून आपण सहसा झरकन पुढे जातो. मजकूर कोणी सांगावा? ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावा, अल्लाहचे भय बाळगून सांगावा, त्यात काहीही कमी करू नये. आणि तो अजाण असेल, दुर्बल असेल अथवा सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा.

येथे क्षणभर थांबावे. सावकार बलवान असतो, देणेकरी गरजवंत असतो. जगाची रीत अशी की कागद बलवानाने करावा आणि गरजवंताने त्यावर अंगठा उठवावा. कुरआनने ही रीत उलटी केली. कर्जाचा आकडा, मुदत आणि अटी देणेकऱ्याच्या तोंडून निघाव्यात, मगच लेखणी कागदाला लागावी. याचा एक अर्थ असा की देणेकऱ्याच्या कबुलीवाचून त्याच्यावर काही लादता येऊ नये. दुसरा अर्थ त्याहून कठीण आहे. ज्याला आपले देणे स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही, त्याने ते अजून समजूनच घेतलेले नाही.

आता कर्जत-खालापूरच्या कोणत्याही बाजारपेठेत या. नेरळच्या स्टेशनाबाहेर, कर्जतच्या पेठेत, चौकच्या नाक्यावर, खोपोलीत शिळफाट्याकडे मोबाईलची दुकाने पाहा. वीस-बावीस वर्षांचा तरुण येतो. कोणी कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, कोणी पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जातो, कोणी डिलिव्हरीचे काम करतो. तो फोन पसंत करतो. दुकानातच एका कोपऱ्यात फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँक खात्याचा क्रमांक, एक सेल्फी. मग मोबाईलवर ओटीपी येतो आणि तो सांगितला जातो. काही मिनिटांत कर्ज मंजूर होते. देणेकऱ्याच्या तोंडून या साऱ्या व्यवहारात निघालेले शब्द कोणते? तेवढे सहा आकडे. फोनचे कर्ज किती, व्याज किती, फी किती, हप्ता चुकला तर काय, यांतले एकही वाक्य त्याने उच्चारलेले नसते. बाहेर पडल्यावर मित्राने विचारले तर तो म्हणतो, ‘‘महिन्याला पंधराशे फक्त.’’

‘महिन्याला इतके’ हे किंमत सांगणे नव्हे. किंमत ही एकच असते आणि ती पूर्ण असते.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. हप्त्याने वस्तू घेणे मुळातच हराम आहे, असे काही भाविक मंडळी मानतात. तसे नाही. हजरत बरीरा (र.अ.) यांनी आपल्या मालकांशी स्वतःच्या मुक्ततेचा करार केला होता, तो सहीह बुखारीतील वर्णनानुसार नऊ ऊकिया चांदीचा, दरसाल एक ऊकिया या प्रमाणे. हा नऊ वर्षांचा हप्ताच होता. ही गोष्ट प्रेषित (स.) यांच्यासमोर आली. त्यांनी आक्षेप घेतला तो मालकांनी घातलेल्या एका अयोग्य अटीला. हप्त्यांना त्यांनी हरकत घेतली नाही. स्वतः प्रेषितांनी (स.) एका ज्यू व्यापाऱ्याकडून मुदतीच्या उधारीवर धान्य घेतले आणि आपले लोखंडी चिलखत तारण ठेवले, हे हजरत आयेशा (र.अ.) यांनी सांगितलेले आहे. उधारी म्हणजे अपराध नव्हे.

रोखीच्या किमतीपेक्षा उधारीची किंमत अधिक ठेवता येते काय, या प्रश्नाचा इस्लामी सहकार्य संघटनेच्या जागतिक फिकह अकादमीने मार्च १९९० मध्ये जेद्दा येथील सहाव्या अधिवेशनात विचार केला. निर्णयाचा सारांश असा : विक्रेत्याने रोखीची किंमत व हप्त्यांची किंमत अशा दोन्ही सांगाव्यात, हप्त्यांची किंमत अधिक असली तरी चालेल. मात्र उभयतांनी त्यांपैकी एक निश्चित केल्याखेरीज विक्री पूर्ण होत नाही. मुदतीशी बांधलेले व्याज किमतीपासून वेगळे दाखवून आकारता येत नाही. आणि हप्ता देण्यास उशीर झाला तर देण्याच्या रकमेत वाढ करता येत नाही, मग ती वाढ आधी ठरलेली असो वा नसो. एका सौद्यात दोन सौदे करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केल्याची हदीस आहे. तिचा एक अर्थ इमाम तिर्मिजी यांनी हाच नोंदविला आहे की, विक्रेत्याने ‘रोख दहा, उधार वीस’ म्हणावे आणि दोघांनी काहीच न ठरविता उठून जावे.

म्हणजे नेरळच्या दुकानदाराने आपल्या मालकीचा फोन दाखवून सांगितले की रोख पंधरा हजार, दहा हप्त्यांत सोळा हजार, आणि गिऱ्हाइकाने म्हटले की मला सोळा हजारांत दहा हप्त्यांनी हवा, तर हा व्यापार झाला. ते सोळा हजार दगडावरची रेघ. दहाव्या महिन्यात आजारपणामुळे हप्ता राहिला म्हणून ते सोळा हजार दोनशे होणार नाहीत. परंतु दुकानदाराला पंधरा हजार तिसऱ्याने दिले आणि तो तिसरा गिऱ्हाइकाकडून सोळा हजार घेतो, तर त्या तिसऱ्याने काय विकले? फोन तर त्याने कधी हातात धरला नाही. त्याने पैसे दिले आणि अधिक पैसे घेतले. व्यापारही व्याजासारखाच आहे, असे म्हणणारे लोक कुरआन उतरला त्या काळीही होते. सूरह बकरहच्या २७५व्या आयतीत त्यांचे हे म्हणणे नमूद करून अल्लाहने स्पष्ट केले आहे की त्याने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम. दोन्हींत शेवटी जादा रक्कम हाती पडते, म्हणून दोन्ही एक, हा युक्तिवाद मक्केतल्या सावकारांचा होता.

आता ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून जे सांगितले जाते त्याकडे वळू. व्याजच नाही म्हटल्यावर दीनदार माणूसही निर्धास्त होतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजी बँकांना पाठविलेल्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे म्हटले होते. अशा योजनांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात दडवून ग्राहकाकडून घेतले जाते, हेही तिने नोंदविले. रिझर्व्ह बँक ही काही दारुल इफ्ता नव्हे. तरीही ‘शून्य’ या शब्दाविषयी तिचे आणि आपल्या उलेमांचे मत येथे जुळले. आजच्या योजनांची घडण थोडी बदलली आहे. कंपनी किंवा दुकानदार व्याजाइतकी सूट स्वतः सोसतो, सावकार संस्थेला तिचे व्याज मिळतेच, आणि ग्राहकाने स्वीकारलेल्या कागदावर व्याजाचा दर पुष्कळदा छापलेलाही असतो. क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो.

हे आकड्यांत पाहू. समजा, फोनवर १८ हजार रुपये किंमत लिहिली आहे. सहा हप्ते, प्रत्येकी ३ हजार, व्याज शून्य. प्रोसेसिंग फी ४०० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी ७२ रुपये. एकूण १८ हजार ४७२. आता त्याच दुकानात विचारा, ‘‘रोख देतो, काय भाव लावाल?’’ समजा, तो १,२०० रुपये कमी करून १६ हजार ८०० म्हणाला. तर फोनची खरी किंमत १६ हजार ८०० ही आहे आणि सहा महिन्यांच्या सवलतीसाठी तुम्ही १,६७२ रुपये मोजत आहात. पैसे हप्त्याहप्त्याने परत जातात हे धरून हिशेब केला तर हा दर वर्षाला ३४ टक्क्यांच्या घरात जातो. ज्याला शून्य म्हटले त्याचे हे खरे मोल. ‘रोख देतो, काय भाव लावाल’ हे पाच शब्द उच्चारण्यास पैसे पडत नाहीत, तरी आपले तरुण ते विचारत नाहीत. काहींना तर रोख घेणाऱ्याला दुकानात फारसा मान नाही असेही वाटू लागले आहे, आणि अनेक ठिकाणी तसे आहेही, कारण हप्त्याच्या गिऱ्हाइकामागे दुकानदाराला मोबदला मिळतो.

दुसरी पद्धत सरळ दराची, जिला बाजारात ‘फ्लॅट’ म्हणतात. १८ हजारांवर १२ टक्के सरळ, बारा हप्ते. म्हणजे २,१६० रुपये व्याज, महिन्याला १,६८० रुपये. ऐकायला १२ टक्के. पण ११व्या महिन्यात तुमच्याकडे मूळ रकमेतले जेमतेम तीन-साडेतीन हजार शिल्लक असतात आणि व्याज मात्र पूर्ण १८ हजारांवर चालू असते. घटत्या रकमेवर मोजले तर हा दर २१ टक्क्यांहून अधिक भरतो. आमच्या भागातील वृद्ध मंडळींनी भाताची सवाई आणि दिढी पाहिली आहे किंवा वडिलांकडून ऐकली आहे. पावसाळ्यात सावकाराच्या कणगीतून एक खंडी घ्यायची आणि झोडणी झाली की सव्वा किंवा दीड खंडी मोजून द्यायची. त्या सावकाराचा आकडा निर्दय होता. परंतु तो आकडा त्याच्या नावातच उघड होता, हेही खरे.

फोन आणि सेवा एकत्र बांधून देणारे करार युरोप-अमेरिकेत रूढ आहेत. कोकणातील ज्या कुटुंबांचे नातेवाईक ब्रिटनमध्ये आहेत त्यांना ते परिचित असतील. तेथे सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने २०१७ साली दाखवून दिले की, कराराची मुदत संपून फोनची किंमत पूर्ण फिटल्यावरही काही मोठ्या कंपन्या त्याच ग्राहकांकडून तेवढाच मासिक आकार घेत राहिल्या. फोनचा भाग किती आणि सेवेचा किती हे वेगळे लिहिलेलेच नव्हते, म्हणून ग्राहकाला कळले नाही.

आपल्या देशात बहुसंख्य लोक आगाऊ रिचार्ज करतात, त्यामुळे असे करार थोडे. परंतु मुळीच नाहीत असे नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने सुरुवातीला ५०१ रुपये भरून मोबाईल देण्याची योजना आणली होती, ती अनेक वाचकांना आठवत असेल. अलीकडचे उदाहरण २०२१ च्या दिवाळीचे, जिओफोन नेक्स्टचे. रोख किंमत ६,४९९ रुपये. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत १,९९९ रुपये. त्यावर ५०१ रुपये प्रोसेसिंग फी, आणि पुढे १८ किंवा २४ महिने हप्ते, ज्यांत फोनची उरलेली किंमत आणि रिचार्ज दोन्ही मिसळलेले. रोज दीड जीबी डेटाची योजना १८ महिन्यांसाठी घेतली तर महिन्याला ५०० रुपये. १,९९९ अधिक ५०१ अधिक ९ हजार, एकूण ११ हजार ५००.

हाच फोन रोख घेऊन वेगळे रिचार्ज केले असते तर? त्या वेळी जिओचे रोज दीड जीबीचे २८ दिवसांचे रिचार्ज १९९ रुपयांचे होते. १८ महिन्यांत अशी २० रिचार्ज लागतात, म्हणजे ३,९८०. फोनचे ६,४९९ मिळवून १० हजार ४७९. हप्त्यांच्या योजनेत १,०२१ रुपये अधिक. परंतु न्यायाने बोलायचे तर येथे थांबता येत नाही. १ डिसेंबर २०२१ पासून तेच रिचार्ज २३९ रुपयांचे झाले, आणि रोखीने घेणाऱ्याचा फायदा अडीचशेच्या आसपास उरला. म्हणजे ज्याला खरोखर रोज दीड जीबी लागत होते, त्याला ही योजना फार महाग पडली नाही. ज्याला घरी फक्त फोन घ्यायचा-करायचा होता, त्याने मात्र नको असलेल्या सेवेचे पैसे दीड वर्ष भरले. तुलना करायची ती अशी, पूर्ण मुदतीची बेरीज मांडून आणि स्वतःची गरज समोर ठेवून. शरीअतच्या दृष्टीने येथे आणखी एक प्रश्न राहतो. त्या ५०० रुपयांत फोनच्या किमतीचा भाग किती आणि सेवेचा किती? किंमत अज्ञात ठेवून केलेला सौदा फिकहच्या ग्रंथांत सदोष मानला आहे. असा एकत्र करार करण्यापूर्वी दोन्ही भाग वेगळे लिहून मागावेत आणि मिळाले नाहीत तर जाणकार मुफ्तींना कागद दाखवून मगच पुढे जावे.

२८ दिवसांचीही एक गंमत आहे. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांची रिचार्ज तेरा. २९९ रुपयांचे रिचार्ज करणारा ‘महिन्याला २९९’ म्हणून ३,५८८ धरतो आणि भरतो ३,८८७. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांच्या मुदतीच्या आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणाऱ्या योजनाही ठेवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये तिने डेटाशिवाय केवळ बोलणे व संदेश यांची वेगळी योजना देण्यास सांगितले. घरी आजीच्या हाती बटणांचा फोन असेल आणि तिच्यासाठी रोज दीड जीबीचे रिचार्ज होत असेल, तर ते आजच थांबवावे. सूरह बनी इसराईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. आपण उधळपट्टी म्हणजे लग्नातला मांडव एवढेच समजतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या नाक्यावर टोल घेण्यापूर्वी दर फलकावर लिहिलेला असतो. ज्याला द्यायचे त्याला आधी कळते. कर्जाच्या बाबतीत असा फलक आता कायद्याने मिळालेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका व फायनान्स कंपन्यांनी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद देणे आवश्यक आहे. त्यात कर्जाची रक्कम, प्रत्येक फी, हप्त्यांचे वेळापत्रक आणि सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर एकाच ठिकाणी द्यावा लागतो. हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा आणि त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा, असेही त्यात म्हटले आहे. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जात, कागद दिल्यावर विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी कायम राहतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र या नियमाबाहेर आहे. तेव्हा काउंटरवर बसलेल्या माणसाला नम्रपणे म्हणावे की मराठीतला कागद द्या, घरी वाचून परवा येतो. तो ‘ऑफर आजच संपते’ म्हणाला तर त्याला संपू द्यावी. कायद्याने पारदर्शक झालेले व्याज व्याजच राहते, हे विसरू नये. पण निदान त्या कागदावर ते व्याज आहे की नाही हे डोळ्यांना दिसते.

आणि मग पालकांनी आपला धर्म पाळावा. ज्याला सांगता येत नाही त्याच्या वतीने पालकाने मजकूर सांगावा, ही कुरआनची आज्ञा आहे. येथे गंमत अशी झाली आहे की मुलगा शिकलेला आणि वडील कमी शिकलेले, म्हणून वडील गप्प बसतात. परंतु व्यवहारातली अजाणता वेगळी असते. चाळीस वर्षे रिक्षा चालविलेला किंवा शेती केलेला बाप त्या कागदावरची बेरीज पदवीधर मुलापेक्षा लवकर करील. मुलांनी, ‘‘अब्बा, एवढे बघता का?’’ म्हणून तो कागद त्यांच्यासमोर ठेवण्यात कमीपणा मानू नये.

उशिराच्या दंडाविषयी थोडे. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर बँक वेगळा आकार लावते आणि फायनान्स कंपनी वेगळा. एप्रिल २०२४ पासून या दंडावर पुन्हा व्याज चढविण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. तरी उशिराबद्दल रक्कम वाढविणे हे अज्ञानकाळातील व्याजाचे मूळ रूप होते. तेव्हा सावकार मुदत संपल्यावर देणेकऱ्याला विचारीत असे की फेडतोस की वाढवतोस. सूरह बकरहच्या २८०व्या आयतीने याच्या नेमके उलट सांगितले. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सुबत्ता येईपर्यंत सवड द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले. ही अट असलेल्या करारात, वेळेवर फेडण्याची खात्री असताना शिरावे काय, याविषयी उलेमांत मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे त्याने अशी खात्री बाळगू नये.

मग फोन घ्यायचाच नाही काय? आज रेशनपासून शाळेपर्यंत सर्व कामे फोनवर आहेत, तो गरजेचा आहे हे उघड आहे. पण गरज फोनची आहे, त्या विशिष्ट फोनची नव्हे. सात-आठ हजारांचा फोन तीच कामे करतो. हप्ता भरता येतो म्हणणाऱ्याने तोच हप्ता सहा महिने आधी स्वतःकडे भरून पाहावा. ज्याला ते साधत नाही, त्याला कंपनीचा हप्ताही जड जाणारच.

आपल्याकडे भिशी आहे. कर्जत-खोपोलीच्या मोहल्ल्यांत बायका ती वर्षानुवर्षे चालवीत आल्या आहेत. दहा जणींनी दरमहा एक हजार जमवावेत, चिठ्ठी टाकावी आणि जिचे नाव निघेल तिला दहा हजार द्यावेत. प्रत्येकीने भरले तेवढेच परत मिळाले. यात व्याजाचा लवलेश नाही. मात्र लिलावाची भिशी, ज्यात घाई असणारा आठ हजारांवर समाधान मानतो आणि उरलेले दोन हजार बाकीचे वाटून घेतात, ती वेगळी. तिथे गरजवंताची अडचण विकली जाते. नाव भिशीच असले तरी तिच्यापासून दूर राहावे.

आपल्या समाजातील मोबाईल दुकानदारांनाही एक विनंती आहे. स्वतःच्या मालावर, स्वतःच्या हिमतीवर, एक निश्चित किंमत लिहून हप्त्याने विक्री करा. जामीन घ्या, तारण घ्या. शरीअतने दोन्हींची मुभा दिली आहे. हप्त्याची किंमत रोखीपेक्षा वाजवी प्रमाणात अधिक ठेवा. असे सांगितले की दुकानदार हसतात आणि म्हणतात, ‘‘साहेब, आपलीच माणसे बुडवतात.’’ हे उत्तर आपल्याला खाली पाहायला लावणारे आहे. फायनान्स कंपनीचा हप्ता वेळेवर जातो, कारण दंड आहे, वसुलीचा फोन येतो, सिबिलचा धाक आहे. ओळखीच्या दुकानदाराचे पैसे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहतात, कारण तो नमाजात शेजारी उभा राहणारा भाऊ आहे. ऐपत असताना देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) फर्माविले आहे. बिनव्याजी उधारीचा दरवाजा सावकारांनी बंद केलेला नाही. तो आतल्या लोकांच्या बुडवेगिरीने बंद होत चालला आहे, आणि मग आपणच व्याजाच्या दारी उभे राहून मजबुरीचे कारण सांगतो.

ज्यांच्यावर असे कर्ज आधीच आहे त्यांनी घाबरून हप्ते थांबवू नयेत. करार पाळणे आवश्यक आहे आणि न भरल्याने व्याज वाढतेच. जमेल तितक्या लवकर ते फेडून मोकळे व्हावे, मुदतीपूर्वी बंद करण्याचा आकार किती हे विचारून घ्यावे, तौबा करावी आणि नवे घेऊ नये. फसवणूक झाली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. वस्तूविषयीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

एक शेवटची बाब, जी कुटुंबांनी आज रात्रीच बोलून घ्यावी. पूर्वी कर्ज घरात माहीत असे. सावकार दारात येई, कागद पेटीत असे. आता कर्ज फोनच्या आत असते आणि फोन उघडतो तो त्याच माणसाच्या बोटाने. सहीह बुखारीत आहे की एक जनाजा आणला गेला, प्रेषितांनी (स.) विचारले की याच्यावर काही देणे आहे काय. तीन दीनार आहेत, असे लोकांनी सांगितले. त्याने मागे काही ठेवले आहे काय? नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) सोबत्यांना नमाज अदा करण्यास सांगितले आणि स्वतः थांबले. हजरत अबू कतादा (र.अ.) यांनी ते देणे आपल्यावर घेतले, त्यानंतरच प्रेषितांनी (स.) नमाज पढविली. तेथे देणे किती हे सांगणारे लोक तरी होते. आज एखादा तरुण घाटात अपघाताने गेला, तर त्याच्यावर किती देणे आहे हे सांगू शकणारे घरात कोणी आहे काय? वारसांत वाटणी करण्यापूर्वी देणी फेडावीत, असे सूरह निसामध्ये पुनःपुन्हा सांगितले आहे. पण जे ठाऊकच नाही ते फेडायचे कसे?

तेव्हा घरातील प्रत्येक कमावत्या माणसाने एका साध्या वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावे : कोणाचे देणे, एकूण किती, हप्ता किती, कितवा भरला, शेवटचा कधी. दुकानदाराची उधारी, भिशीचे उरलेले हप्ते, मित्राकडून घेतलेले पाचशे रुपये, सर्व. लिहून झाल्यावर ते पान आई-वडिलांना किंवा पत्नीला मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि ज्या कपाटात रेशन कार्ड व जमिनीचे कागद असतात त्यात ठेवावे. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला ते काढून त्यात भरलेला हप्ता नोंदवावा.